ऑक्टेव्हिया आरएसचे ऑइल: खालून सोडावे की वरून ओढावे?

2020 साली भारतात मोजक्याच संख्येने आलेल्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस 245 चे 2.0 टीएसआय इंजिन घरी ऑइल बदलण्याच्या दृष्टीने सोयीचे आहे, कारण त्याला डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) आहे आणि ऑइल फिल्टर बॉनेट उघडताच वरच्या बाजूने हाताशी येतो.

इंजिनच्या तळाचा ड्रेन बोल्ट काढून ऑइल सोडायचे, तर गाडी नुसत्या जॅकवर नव्हे, तर भक्कम स्टँडवर उचलून खालचे संरक्षक कव्हर काढावे लागते. ऑइल कोमट असले, की तळाचा गाळही त्याच्याबरोबर वाहून जातो. एखादे सील पाझरत असेल, तर तेही नजरेस पडते. मात्र बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला, तर तो खराब होऊ शकतो आणि खर्च सम्पपर्यंत, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यापर्यंत, पोहोचू शकतो.

ऑइल वर ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूम पंपाची बारीक नळी डिपस्टिकच्या नळीतून तळापर्यंत सोडली, तर गाडी उचलावी लागत नाही आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये थेंबही सांडत नाही. (वॉचमनशी वादही टळतो.) परंतु नळीचे टोक सम्पच्या सर्वांत खोल भागात पोहोचले नाही, तर जुने ऑइल मागे राहते. म्हणून किती निघाले ते मोजूनच नवे ओतावे.

व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) 502 00 किंवा 504 00 यांपैकी मॅन्युअलमध्ये नमूद असलेल्या मानकाचेच ऑइल दोन्ही पद्धतींत वापरावे. माझा कल एरवी पंपाकडे आहे; जुनी गाडी नव्याने घेतली असेल, तर मात्र पहिल्या खेपेला बोल्टच काढावा.