‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ दाखवून गोळी बंद करायला लावतात

दसरा सरला की मराठवाड्यातल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. हातात उचल आलेली असते. ‘एचआयव्ही मुळापासून काढतो’ म्हणणारा पुडीवाला हीच वेळ साधतो.

त्याला नवा पेशंट नको असतो. वर्षा-दोन वर्षांपासून एआरटीची (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांची) गोळी नेमाने घेणारा तो बरोबर हेरतो. महिनाभर पुडी देतो आणि खासगी लॅबमध्ये व्हायरल लोड (रक्तातला विषाणू मोजणारी तपासणी) करायला लावतो. रिपोर्ट येतो, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे रक्तात विषाणू सापडला नाही. तो येणारच! रोजच्या टीएलडीच्या गोळीने (टेनोफोविर ३००, लॅमिवुडिन ३००, डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम) विषाणू आधीच दबलेला असतो. पुडीवाला मात्र म्हणतो, ‘विषाणू गेला, आता गोळी बंद.’ खरा घात इथे होतो. रक्तात सापडला नाही तरी विषाणू पेशींत दडून असतो. गोळी थांबली की बहुतेकांत काही आठवड्यांतच तो पुन्हा वाढतो, जोडीदारालाही लागण होऊ शकते आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असेल तर उलट भूक वाढते, चेहरा भरतो आणि घरच्यांना वाटतं, गुण आला. हिपॅटायटिस बी असलेल्यांना तर गोळी तोडल्यावर जोराची कावीळ होऊ शकते.

‘गोळी चालूच आहे, सोबत पुडी घेतली तर काय बिघडतं?’ बिघडतं. शंखभस्मात कॅल्शियम असतं, लोहभस्मात लोह. उपाशीपोटी गोळीसोबत घेतलं की डोल्युटेग्राविर त्याला चिकटतं आणि अंगी लागत नाही. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेल्या ॲसिडिटीच्या औषधाचंही तेच. गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी.

गोळी सुटली असेल तर लाजू नका, आजच एआरटी केंद्र गाठा. पुडी आणि रिपोर्ट सोबत न्या, किती दिवस खंड पडला ते खरं सांगा. राहिलेल्या गोळ्या एकदम खाऊन भरपाई करू नका. खोकला, ताप असेल तर आवर्जून सांगा, कारण तो टीबी असू शकतो आणि टीबीवरच्या रिफाम्पिसिन या औषधासोबत डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं.

सरकारी केंद्रात गोळ्या आणि व्हायरल लोड दोन्ही मोफत आहेत. शंका असेल तर १०९७ वर फुकट फोन करा. एड्स बरा करतो म्हणून औषध विकायला कायद्याने बंदी आहे, तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. आणि टोळी निघण्याआधी केंद्रात मुक्कामाचा तालुका सांगून ठेवा, म्हणजे जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा तिकडच्या केंद्राची चिठ्ठी मागता येते.