सरकारी गोल्ड बाँड: आठ वर्षं सांभाळल्यावर

२०१५ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत, गोल्ड बाँडची पहिली विक्री निघाली. म्हणजे सोनं नाही, सोन्याच्या भावाशी बांधलेला सरकारी कागद: आज ग्रॅमच्या भावाने पैसे द्यायचे, मुदत भरली की तेव्हाच्या भावाने परत, वर व्याज. मी १० ग्रॅम घेतले, ग्रॅमला २,६८४ रुपयांनी. सगळं जळगाव सराफ बाजारात आणि मी बँकेत. बँकेचं नाव लिहीत नाही, पण काउंटरवरच्या बाईंना ही योजना माझ्याकडूनच कळली. तीन फेऱ्या झाल्या.

आईचा पहिला प्रश्न, "अडीनडीला हा कागद गहाण कोण ठेवून घेणार?" (घेतात. बाँडवर कर्ज मिळतं. तिला अजून पटलेलं नाही.) सरकार आणि सोनं म्हटलं की ती बिचकते, कारण तिचे वडील सोनारकाम करायचे. १९६३ साली मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणात १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी आली आणि गुंजांत तोलणारा माणूस किराणा दुकानात शेंगदाणे तोलू लागला.

या वेळी बंदी नव्हती, आमिष होतं. आपलं जवळपास सगळं सोनं डॉलर मोजून बाहेरून येतं. २०१२-१३ मध्ये देशाच्या चालू खात्यातली तूट (परदेशांशी व्यवहारात येणाऱ्यापेक्षा जास्त जाणारा पैसा) जीडीपीच्या ४.८ टक्क्यांवर गेली, पुढच्या ऑगस्टात रुपया डॉलरला ६८ पर्यंत घसरला. आयात शुल्क १० टक्के करूनही लोकांची हौस फिटेना, तेव्हा हे कागदी सोनं काढलं.

गिऱ्हाईक म्हणून मी खूश. व्याज २.७५ टक्के, दर सहा महिन्यांनी ३६९ रुपये, एकदाही चुकले नाहीत. घडणावळ नाही, घट नाही, लॉकरचं भाडं नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला ६,१३२ च्या भावाने ६१,३२० रुपये खात्यात, नफ्यावर कर शून्य. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो पैसे इतकी वर्षं अडकून पडण्याचा.

सरकारच्या बाजूने मात्र दोनच तारे. माझ्या पैशांचं सोनं घेऊन कुणी तिजोरीत ठेवलं नव्हतं. ते सरकारचं कर्ज, तेव्हाच खर्चात गेलेलं. फेडताना दुपटीहून जास्त द्यावे लागले. बरं, आयात तरी थांबली का? ६७ वेळा विक्री करून सगळे मिळून सुमारे १४७ टनांचे बाँड खपले, आणि देशात दर वर्षी सातशे-आठशे टन सोनं येतं. फेब्रुवारी २०२४ नंतर नवी विक्रीच नाही. त्याच जुलैत आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं, इथला भाव उतरला आणि त्यानंतर लगेच ज्यांची मुदत भरली त्यांच्या हाती तेवढे कमी पडले. पैसे देणाराही सरकार, शुल्क ठरवणाराही सरकार. मी आठ महिन्यांनी वाचले.

पैसे आले त्याच आठवड्यात आईने मला सराफ बाजारात ओढत नेलं. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी धरून १० ग्रॅम काही बसेनात. नऊ ग्रॅमची चेन घेतली.