क्रॉफर्ड मार्केटजवळचं खाऱ्या पाण्याचं दुकान: उलटतपासणीची तयारी ठेवून जा

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास रंगीत मासे विकणारी दुकानं पुष्कळ, पण बहुतेकांकडे गोल्डफिश, गप्पी नाहीतर फ्लॉवरहॉर्न. समुद्रातलं काही हवं असेल तर हे दुकान. पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद. वर पंपांची घरघर इतकी की ओरडूनच बोलावं लागतं. चिलर आहे, पण तो माशांसाठी. गिऱ्हाइकाने घाम पुसत उभं राहायचं.

मला हवा होता पीकॉक मँटिस श्रिम्प, म्हणजे कोळंबीचा लांबचा नातेवाईक. तो होता. कोपऱ्यातल्या टाकीत एकटा, पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात शिरून तोंड तेवढं बाहेर काढून बसलेला. पाठ हिरवी, पाय लालभडक, डोक्यामागे दोन्ही बाजूंना पांढरे-तपकिरी ठिपके. डोळे देठांवर, आणि प्रत्येक डोळ्याच्या मधोमध आडवा पट्टा. एक डोळा माझ्याकडे, दुसरा शेजारच्या पंपाकडे. मी बाजूला सरकले तर माझ्याकडचाच तेवढा फिरला, दुसरा जागच्या जागी.

याच्या नजरेबद्दल व्हॉट्सअॅपवर काय काय फिरतं. आपल्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी 3 प्रकारच्या, याच्या डोळ्यात 12, म्हणजे याला दिसणारं जग आपल्या कल्पनेपलीकडचं वगैरे. काउंटरवरच्या मुलाने (मूळचा सावंतवाडीकडचा, बोलण्यात हेल आहे) तिथेच दुरुस्ती केली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असं दिसलं की जवळजवळच्या दोन छटांतला फरक ओळखण्यात हा प्राणी माणसापेक्षा कच्चा आहे. विकायला ठेवलेल्या वस्तूचं कौतुक असं स्वतःहून कमी करणारा विक्रेता मी मुंबईत तरी पाहिला नव्हता.

मग त्याने चिमट्याने त्या टाकीत एक तिसरी (शिंपली) सोडली. मँटिस पाइपातून बाहेर आला, तिसरी मिशांनी चाचपली, फिरवली, नीट बेतात धरली. आणि टक्. पंपांच्या घरघरीतही स्पष्ट ऐकू आलं. पुन्हा टक्. हात कधी हलला ते दिसतच नाही, कारण तो ठोसा सेकंदाला 23 मीटरपर्यंतच्या वेगाने जातो. पाण्यात त्यामुळे वाफेचे बुडबुडे तयार होतात, ते फुटताना शिंपल्याला आणखी एक दणका बसतो. चार-पाच ठोशांत कड उडाली आणि साहेब जेवण घेऊन आत. घरी मी तिसऱ्या करते तेव्हा विळीवर माझा अर्धा तास जातो.

‘याचे भाऊबंद आपल्या ससून डॉकला पण येतात ताई,’ मुलगा म्हणाला. ते भुरकट असतात, ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर सापडतात. त्यांचे हात ठोसा मारायचे नाहीत, काटेरी भाल्यांसारखे असतात. ते मऊ भक्ष्याला भोसकतात.

आता मुद्द्याचं. मी पैसे काढले आणि चौकशी सुरू झाली. टाकी केवढी? अजून कोण आहे त्यात? मी सांगितलं: दोन क्लाउनफिश, शंखातले खेकडे. ‘मग खेकड्यांचा हिशोब आजच मांडा. मासे नंतर. वेगळी टाकी आहे? काचेची की अॅक्रेलिकची?’ काचेची. ‘मग नाही देणार. याच्या ठोशाने काच तडकू शकते.’ मालक आतून बघत होते, त्यांनीही मान हलवली. याच भागातल्या दुसऱ्या एका दुकानात मला ‘बिनधास्त टाका मॅडम, काही होत नाही’ असं सांगितलं होतं, तेही माझ्या टाकीत कोण आहे हे न विचारता. इथे राग आला खरा, पण दुकानावर विश्वास बसला तोही तेव्हाच.

शेवटी क्लीनर श्रिम्प घेतला. लाल पाठीवर पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा. माशांच्या अंगावरचे परजीवी साफ करतो, पाण्यात हात घातलात तर तुमची नखंही. तो देतानाही प्रश्न: ‘टाकीत कधी तांब्याचं औषध घातलंत?’ माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर ते सर्रास वापरतात, आणि कोळंबी-खेकड्यांना तेच विष. नसल्याची खात्री झाल्यावरच पिशवी बांधली, ऑक्सिजन भरून, वर वर्तमानपत्र गुंडाळून. घरी गेल्यावर पिशवीत थेंबथेंब टाकीचं पाणी सोडत तासभर थांबायचं, खारेपणा एकदम बदलला तर हे जीव टिकत नाहीत, हे दोनदा बजावलं.

हार्लेक्विन श्रिम्प मागितला तर आधी तारामासे कुठून आणणार ते सांगा म्हणतात. तो दुसरं काही खात नाही. पिस्तूल श्रिम्प गोबी माशाबरोबर जोडीनेच देतात: श्रिम्पची नजर अधू, तो बीळ खोदतो आणि मिशी गोबीच्या अंगावर ठेवून असतो, धोका दिसला की गोबी शेपटी हलवून कळवतो. माझ्यासमोर एकाने पोवळ्याचा जिवंत तुकडा मागितला, त्याला सरळ वाटेला लावलं. पोवळी आणि समुद्रघोडे 2001 पासून वन्यजीव कायद्याखाली आहेत, तरी लोक खालच्या आवाजात विचारतातच.

तक्रारी आहेत. दर कुठेच लिहिलेले नाहीत, तोंडी सांगतात आणि माझ्या पुढच्या माणसाला सांगितलेला दर मला सांगितलेल्या दराहून कमी होता. बिल मागितल्यावर मिळालं, तेही कच्चं. तयार खारं पाणी कॅनमध्ये मिळतं, पण वीस लिटरचा कॅन त्या जिन्याने उतरवायला मदत करणारं कोणी नाही. मी मीठ घेऊन घरी आरओच्या पाण्यात कालवते, तुम्हीही तेच करा. नवऱ्याचं म्हणणं एवढ्या पैशात महिनाभर पापलेट आलं असतं. त्याचा हिशोब चुकीचा नाही.

माल आला की लगेच धावू नका, चार दिवस त्यांच्या टाकीत राहून खायला लागलेलाच जीव मागा. ते स्वतः खाऊ घालून दाखवतात. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, जिन्यावरच रांग लागते. सीएसएमटीहून लोकल पकडणार असाल तर थर्मोकोलचा डबा घरून न्या. त्यांच्याकडे असतो, पण त्याचे पैसे वेगळे लावतात.