६०० रात्रींनंतरचे प्लॅटिनम: मॅरियट बॉनव्हॉयच्या आजीवन दर्जाचे परीक्षण

मॅरियट बॉनव्हॉय या मॅरियट हॉटेलांच्या सदस्य-योजनेतील ‘लाइफटाइम प्लॅटिनम’ हा आजीवन दर्जा मला मिळून आता दोन वर्षे होत आली आहेत. तो मिळवायला तेरा वर्षे लागली. आयुष्यात एवढी वाट मी दुसऱ्या कोणत्याही वस्तूची पाहिली नाही, तरीही एखाद्या वस्तूचे करावे तसे या दर्जाचे परीक्षण कोणी केलेले फारसे वाचायला मिळत नाही. त्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा रात्री मोजण्याच्या भरात लिहिलेले असते. दर्जा हातात पडल्यावर त्याचा उपयोग किती, हे मात्र तो वापरून पाहिल्याखेरीज सांगता येत नाही.

प्रथम अटी सांगतो. लाइफटाइम प्लॅटिनमसाठी खात्यावर मुक्कामाच्या एकूण ६०० रात्री आणि त्याशिवाय प्लॅटिनम किंवा त्याहून वरच्या दर्जाची १० वर्षे जमा व्हावी लागतात. वर्षे सलग असण्याची गरज नाही. मध्ये खंड पडला तर मोजणी थांबते, पुसली जात नाही. वार्षिक प्लॅटिनम दर्जा ५० रात्रींना मिळतो, हे लक्षात घेतले की या दोन अटींमधली मेख कळते. दर वर्षी मोजून ५० रात्री केल्या तर दहा वर्षांनी वर्षांची अट पुरी होते, पण रात्री ५०० च भरतात आणि उरलेल्या शंभरासाठी आणखी दोन वर्षे घालवावी लागतात. उलट ज्याची नोकरीच फिरतीची आहे आणि जो वर्षाला १५० रात्री बाहेर काढतो, त्याच्या ६०० रात्री चार वर्षांतच पुऱ्या होतात. पण पुढची सहा वर्षे त्याला किमान ५० रात्रींचा रतीब घालावाच लागतो. तोवर त्याच्या ९०० रात्री झालेल्या असतात आणि आजीवन दर्जाच्या हिशोबात वरच्या ३०० रात्रींना कवडीची किंमत नसते. म्हणजे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ६०० चा आकडा दिसत असला, तरी बहुतेक नित्य प्रवाशांना अडवून धरते ती वर्षांची अट. कंपनीला नेमके हेच हवे असते, कारण एखाद्या दमदार वर्षात भरपूर पैसे खर्चून निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा दशकभर टिकणारे गिऱ्हाईक तिच्या अधिक कामाचे असते.

या हिशोबात क्रेडिट कार्डांनी बराच फरक पाडला आहे. अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या बॉनव्हॉयच्या काही कार्डांवर दर वर्षी १५ रात्री, तर सर्वांत महागड्या कार्डावर २५ रात्री आपोआप खात्यावर जमा होतात आणि त्या आजीवन मोजणीतही धरल्या जातात. १५ रात्रींचे कार्ड असलेल्या माणसाला वर्षाला प्रत्यक्ष ३५ रात्री मुक्काम केला तरी पुरतो. बारा वर्षांत त्याच्या ६०० पैकी १८० रात्री अंथरुणाला पाठ न टेकवता झालेल्या असतात. माझ्याकडे असे कार्ड नव्हते, त्यामुळे या सवलतीविषयी माझ्या मनात थोडी असूया आहे, हे कबूल करून पुढे जातो.

माझा स्वतःचा उशीर मात्र दुसऱ्याच कारणाने झाला. पहिली दोन वर्षे मी कार्यालयाने तिसऱ्याच संकेतस्थळावरून केलेल्या आरक्षणांवर निमूटपणे राहत होतो, आणि सदस्य क्रमांक काउंटरवर सांगितला की रात्री मोजल्या जातात अशा समजुतीत होतो. त्या मोजल्या जात नाहीत. हॉटेलच्या स्वतःच्या माध्यमांतून, योजनेला मान्य असलेल्या दराने केलेल्या आरक्षणाचीच रात्र धरली जाते. मात्र पॉइंट्स खर्चून घेतलेली फुकट रात्र धरली जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. नियम पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता. तो वाचण्याचा कंटाळा माझा. या मार्गाला नव्याने लागणाऱ्याने आपल्या खात्यात आजीवन मोजणीचे दोन आकडे, म्हणजे रात्री आणि वर्षे, कुठे दिसतात ते आधी शोधून ठेवावे आणि वर्षातून निदान एकदा तरी आपल्या बिलांशी ताडून पाहावेत.

आता मिळते काय, याकडे वळू. प्लॅटिनम सदस्याला मूळ पॉइंट्सवर ५० टक्के वाढीव पॉइंट्स मिळतात. बहुतेक ब्रँडमध्ये एका डॉलरला १० पॉइंट्स हा मूळ दर आहे, त्यामुळे १,००० डॉलर खर्चावर १०,००० ऐवजी १५,००० जमा होतात. दुपारी चार वाजेपर्यंत खोली ठेवता येते, आणि रिसॉर्ट व कन्व्हेन्शन हॉटेले वगळता ही सवलत हक्काची आहे. शेरेटन, वेस्टिन, मॅरियट, जेडब्ल्यू मॅरियट यांसारख्या ब्रँडमध्ये जिथे लाउंज (ठरावीक पाहुण्यांसाठीची खाण्यापिण्याची बैठक) असेल तिथे प्रवेश मिळतो, आणि बऱ्याच ब्रँडमध्ये स्वागताची भेट म्हणून स्वतःसाठी व सोबतच्या एका व्यक्तीसाठी न्याहारी निवडता येते. उपलब्धता असेल तर वरची खोली मिळते, कधी कधी स्वीट, म्हणजे ऐसपैस दालनसुद्धा मिळते. यांपैकी माझ्या मते खरे मोल चार वाजताच्या चेकआउटचे आहे. रात्रीच्या विमानाने परतणाऱ्या माणसाला दुपारी बारा ते चार हे चार तास स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या न्हाणीघरासह मिळतात, आणि ते काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर सोडलेले नसतात. अपग्रेडचे तसे नाही. त्या दिवशी हॉटेल किती भरले आहे यावर ते ठरते, म्हणून मी ते हिशोबातच धरत नाही. मिळाले तर आनंद, न मिळाले तर खंत नाही.

याउलट ४०० रात्री आणि ७ वर्षांनी मिळणारे लाइफटाइम गोल्ड मला जवळजवळ निरुपयोगी वाटते. त्यात न्याहारी नाही, लाउंज नाही आणि दुपारी दोनपर्यंतचे चेकआउटही उपलब्धतेवर अवलंबून आहे. २५० रात्री आणि ५ वर्षांच्या लाइफटाइम सिल्व्हरविषयी तर लिहिण्यासारखेही काही नाही. म्हणजे साडेतीनशे-चारशे रात्रींवर येऊन पुढचा प्रवास थांबणार असेल, तर आजीवन दर्जाच्या मोहाने एकाच साखळीला चिकटून राहण्यात हशील नाही. सगळा फायदा शेवटच्या २०० रात्रींच्या पलीकडे आहे.

प्लॅटिनमच्याही मर्यादा आहेत आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. मॅरियटच्याच रिट्झ-कार्लटन या उंची ब्रँडमध्ये या दर्जावर न्याहारीही मिळत नाही आणि क्लब लाउंजही उघडत नाही. जिथे राहण्याची हौस सर्वांत जास्त, नेमका तिथेच दर्जाचा उपयोग सर्वांत कमी. फेअरफील्ड किंवा रेसिडेन्स इनसारख्या ठिकाणी न्याहारी सगळ्याच पाहुण्यांना फुकट असते, तेव्हा त्या बाबतीत दर्जाचे वेगळेपण राहत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वर्षात ५० रात्री पुऱ्या केल्यावर ज्या वार्षिक भेटींमधून एक निवडता येते, त्यांतल्या स्वीट मिळवून देणाऱ्या पाच ‘नाइटली अपग्रेड अवॉर्ड्स’वर अनेकांचा डोळा असतो, त्या भेटी आजीवन दर्जाबरोबर येत नाहीत. त्यांच्यासाठी त्या त्या वर्षी खात्यावर ५० रात्री भराव्याच लागतात. नाव कायमचे मिळते, पण त्या नावाबरोबर येणाऱ्या सगळ्या गोष्टी कायमच्या मिळत नाहीत.

आणि नावाच्या वर आणखी नावे आहेत. ७५ रात्रींना टायटॅनियम, १०० रात्री व ठरावीक खर्चाला अॅम्बॅसेडर; काउंटरवर अपग्रेड वाटताना हे दोघे आपल्या पुढे उभे असतात. लाइफटाइम टायटॅनियम नावाचा दर्जा अस्तित्वात आहे, पण तो आता कोणालाही नव्याने मिळवता येत नाही. मॅरियटने स्टारवूड ही दुसरी हॉटेल-कंपनी २०१६ मध्ये घेतली, ऑगस्ट २०१८ मध्ये दोघांच्या सदस्य-योजना एकत्र केल्या आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तिला बॉनव्हॉय हे नाव दिले. ज्यांच्या ७५० रात्री आणि प्लॅटिनमची १० वर्षे २०१८ अखेर झालेली होती त्यांना तो वरचा दर्जा देऊन दार बंद करण्यात आले. त्या वेळी मी स्टारवूडच्या बाजूने आलेलो होतो आणि माझी वर्षे निम्म्यावर होती, त्यामुळे माझे काही गेले नाही. पण सात-आठशे रात्री गाठीला असूनही एक-दोन वर्षे कमी पडलेल्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. त्याआधीच्या मॅरियट रिवॉर्ड्समध्ये लाइफटाइम प्लॅटिनमची अट ७५० रात्री आणि २० लाख पॉइंट्स अशी होती, तर स्टारवूडमध्ये ५०० रात्री आणि १० वर्षे. आजचा ६०० चा आकडा या दोन परंपरांच्या मधला आहे, आणि तो तसाच राहील असे वचन कोणी दिलेले नाही.

इतर साखळ्यांशी तुलना केल्याखेरीज परीक्षण पुरे होणार नाही. हिल्टन ऑनर्समध्ये लाइफटाइम डायमंडसाठी डायमंड दर्जाची १० वर्षे आणि त्यासोबत १,००० रात्री किंवा २ लाख डॉलरचा खर्च लागतो. रात्रींच्या मार्गाने पाहिले तर ही चढण मॅरियटपेक्षा बरीच खडी आहे. वर्ल्ड ऑफ हयातची पद्धत अगदी वेगळी: तिथे रात्री आणि वर्षे मोजतच नाहीत, १० लाख मूळ पॉइंट्स झाले की लाइफटाइम ग्लोबलिस्ट हा तिथला वरचा दर्जा मिळतो. एका डॉलरला ५ मूळ पॉइंट्स, म्हणजे तिथेही २ लाख डॉलरच खर्चावे लागतात. वर्षाला १०,००० डॉलर खर्चणाऱ्याला यासाठी वीस वर्षे लागतील. आणि फुकट रात्रींवर मूळ पॉइंट्स मिळत नसल्याने, जो आपले पॉइंट्स हुशारीने वापरून फुकट राहतो तो या वाटेवर जागचा हलत नाही. मात्र एकदा पोहोचल्यावर हयातचा दर्जा तिघांत सर्वांत भरघोस आहे, असे माझे मत आहे. रीतसर पूर्ण न्याहारी, चेकइनच्या वेळी शिल्लक असेल तर साधा स्वीट आणि रिसॉर्ट शुल्काची माफी या तीन गोष्टींची बरोबरी मॅरियटचे प्लॅटिनम करू शकत नाही. हयातची कमतरता हॉटेलांच्या संख्येत आहे. मॅरियटची हॉटेले नऊ हजारांच्या वर आहेत. हयात त्याच्या जवळपासही नाही, आणि जिथे जायचे तिथे हॉटेलच नसेल तर दर्जा कितीही भरघोस असून काय उपयोग? मॅरियटचा कमी उदार दर्जा मला अधिक वेळा कामी आला आहे तो याच कारणाने.

‘आजीवन’ या शब्दाविषयी थोडे लिहायला हवे. हे आयुष्य सदस्याचे असते तसेच योजनेचेही असते, आणि दोन्हींपैकी जे आधी संपेल तिथे करार संपतो. २०१७ मध्ये हयातची गोल्ड पासपोर्ट ही योजना बंद होऊन वर्ल्ड ऑफ हयात आली, तेव्हा जुन्या आजीवन डायमंड सदस्यांना लाइफटाइम ग्लोबलिस्ट करून घेतले गेले. २०१८ मध्ये मॅरियटनेही जुने आजीवन दर्जे नव्या नावांत बसवले. मोठ्या कंपन्यांनी आतापर्यंत हा शब्द वाऱ्यावर सोडलेला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण दर्जा राखूनही त्याच्या आतला ऐवज बदलता येतो. अमेरिकेतल्या हिल्टन हॉटेलांत २०२१ पासून गोल्ड आणि डायमंड सदस्यांच्या फुकट न्याहारीच्या जागी खाण्यापिण्यासाठी ठरावीक रकमेचे क्रेडिट आले, आणि कार्डावरचे नाव मात्र तेच राहिले. आपला दर्जा कोणाच्या नावे करून देता येत नाही, तो वारशाने जात नाही, आणि बारीक अक्षरांतल्या अटींनुसार कंपनी लाभांत केव्हाही फेरफार करू शकते. निवृत्तिवेतनाची उपमा मनात येते खरी, पण निवृत्तिवेतनाला निदान महागाई भत्त्याची आशा असते.

असे असूनही हा दर्जा मिळवल्याचा मला पश्चात्ताप नाही, आणि त्याचे कारण अटींच्या कागदात सापडत नाही. पूर्वी नोव्हेंबर उजाडला की मी रात्रींची बेरीज करायला बसत असे. चार-पाच रात्री कमी पडत असतील तर डिसेंबरात गरज नसताना कुठल्या तरी स्वस्त हॉटेलात खोली घेऊन त्या भरून काढत असे. ज्याला या मंडळींत ‘मॅट्रेस रन’ म्हणतात, तो उद्योग मी तीनदा केला आहे, आणि तिन्ही वेळा घरच्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर योग्यच होती. आता ती बेरीज उरली नाही. गेल्या वर्षी बॉनव्हॉयमध्ये माझ्या फक्त ११ रात्री झाल्या; बाकीचे मुक्काम जागा, दर आणि माणसे पाहून ठरवले, त्यांतले निम्मे कोणत्याही साखळीत नसलेल्या लहान हॉटेलांत. त्या ११ रात्रींत मात्र सात वेळा दोघांची न्याहारी आणि चार वेळा चार वाजताचे चेकआउट मिळाले, तेही वर्षभरात कंपनीला फारसे काही न देता.

तेव्हा शिफारस करायची ती अशी. ज्याला कामानिमित्त वर्षाला ४० ते ६० रात्री बाहेर काढाव्याच लागतात, त्यांचा खर्च मालक देतो आणि पुढची दहा-बारा वर्षे हेच चालणार असे दिसते, त्याने सगळ्या रात्री एकाच साखळीत टाकाव्यात. ही साखळी मॅरियट असेल तर ६०० चा आकडा आवाक्यात आहे. जो स्वतःच्या खिशातून प्रवास करतो त्याने दर वर्षी त्या त्या वर्षापुरता विचार करावा आणि आजीवन मोजणीचे पान उघडूच नये. ५०० च्या पुढे आणि ९ वर्षांवर असलेल्या माणसाला मी काही सांगायला जाणार नाही. तो डिसेंबरात खोली घेणारच.