क्लच सिलिंडरचं रबर किट: पैसे वाचवतं की काम दुप्पट करतं?

क्वालिस किंवा पहिल्या पिढीची इनोव्हा अशा गाड्यांत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलकडून आलेल्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) गिअरबॉक्सच्या बाहेर, दोन बोल्टांवर बसवलेला असतो. अशाच सिलिंडरसाठी दुकानात रबर किट मिळतं: एक-दोन रबरी कप, धूळ अडवणारा बूट, कधी स्प्रिंग आणि निपलची, म्हणजे हवा काढायच्या स्क्रूची, टोपी. अख्ख्या सिलिंडरपुढे किंमत अगदीच किरकोळ. म्हणून घ्यावंसं वाटतं, आणि निम्म्या वेळा तिथेच फसायला होतं.

किट घेण्याआधी गळती कुठे आहे ते पक्कं करा. पहिला आणि रिव्हर्स गिअर पडताना खरखर होते, पेडल खाली बसतं, दोन-तीनदा पंप केलं की तात्पुरतं काम भागतं: ही लक्षणं मास्टर (पेडलला जोडलेला, दाब तयार करणारा सिलिंडर) आणि स्लेव्ह दोन्हींची सारखीच. पेडलच्या वर, मास्टरचा पुश रॉड जिथे आत शिरतो तिथे बोट फिरवा. ओल लागली तर मास्टर गेला. गाडीखाली स्लेव्हचा बूट थोडा मागे सारून पाहा. नुसता दमटपणा चालतो, थेंब पडला तर कप संपला. कुठेच ओल नाही, टाकीतलं ऑइलही कमी होत नाही, तरी पेडल दाबून धरलं की गाडी हळूहळू पुढे ओढते? मग मास्टरचा कप आतल्या आत प्रेशर सोडतोय. क्लचच्या टाकीतही ब्रेक ऑइलच असतं. खाली पडलेला थेंब ब्रेक ऑइलचा की गिअर ऑइलचा अशी शंका असेल तर तो वाटीभर पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, गिअर ऑइल वर तरंगतं.

खरा निकाल सिलिंडर उघडल्यावर लागतो. गाडीवर असतानाच निपल एकदा सैल करून पाहा. गंजलेला निपल हातात तुटला तर किट विसरा. पाइपचा नट फ्लेअर पान्यानेच (नटाला जवळपास सगळीकडून धरणाऱ्या) खोला, साध्या पान्याने कडा झिजतात आणि मग पाइपही बदलावा लागतो. पिस्टन अडकला असेल तर तोंडाशी जाड फडकं धरून हवेचा अगदी हलका दाब द्या. आतला बोअर, म्हणजे पिस्टन सरकतो ती पोकळी, पुसून उजेडात धरा आणि नख फिरवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, ती तळाशी साचते आणि बोअरला खड्डे पडतात. कोकणात चार पावसाळे जुनंच ऑइल घालून काढलेल्या गाडीत हे हमखास दिसतं. नख अडकलं की नवा कप त्याच खड्ड्यावर घासून थोड्याच दिवसांत परत गळणार. बिडाचा बोअर बारीक कागदाने हलका साफ करता येतो. अॅल्युमिनियमच्या बोअरला कागद लावूच नका, वरचा कडक थर निघून जातो.

बोअर गुळगुळीत असेल तर किट उत्तम, बिनधास्त बसवा. माप सिलिंडरच्या अंगावर ओतलेलं असतं, बऱ्याचदा ५/८, ३/४, १३/१६ असं इंचात. नुसतं गाडीचं नाव सांगून किट आणू नका. त्याच मॉडेलला वेगवेगळ्या कंपन्यांचे सिलिंडर लागलेले असू शकतात. कपाची कड बोटाने तपासा: एकसारखी धारदार हवी, साच्याचं जादा रबर लोंबत असेल तर परत करा. बसवताना कपाची पसरट कड ऑइलच्या दाबाकडे. कपाला ताजं ब्रेक ऑइल किंवा रबर ग्रीस लावा. साधं ग्रीस, डिझेल, पेट्रोल लागलं की रबर फुगतं आणि पिस्टन परतच येत नाही.

पाइपातली एअर काढायला टाकीच्या टोपीवर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल वापरा. अर्ध्या लिटरचा डबा पुरतो. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइलात बुडवा. पेडल दाबा, निपल उघडा, बंद करा, मगच पेडल सोडा. सुरुवातीला पेडल हाताने वर ओढावं लागतं. बुडबुडे थांबेपर्यंत टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग निघतो. स्लेव्ह सुटा असताना पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर उडतो, हे मदतीला बसलेल्याला आधीच सांगा.

मास्टरचं किट मात्र आम्ही सुचवत नाही. तिथे पोहोचायलाच वेळ जातो, शिवाय आतलं बारीक छिद्र नीट साफ झालं नाही तर दाब अडकून राहतो आणि गाडी तापली की क्लच घसरतो. नवा मास्टर बसवल्यावर पुश रॉडला पेडलच्या टोकाशी किंचित मोकळीक, १ ते ५ मिमी, राहिलीच पाहिजे. ती नसेल तरी हाच त्रास होतो.

फोर्ड फिगो, शेव्हरोले क्रूझ अशा गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगसकट असतो. त्याला किट नाही. गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा क्लच प्लेट झिजत आली असेल तर तीही त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी एकदाच लागते.