गॅस भरण्याआधी भोक शोधणारा मेकॅनिक

देवबागला पश्चिमेकडे समुद्र, पूर्वेकडे कर्लीची खाडी आणि मधल्या पट्टीत आमचा चार खोल्यांचा होमस्टे. लोखंड इथे बघता बघता गंजतं. खोलीतून समुद्र दिसला नाही तर पर्यटक चालवून घेतात, पण एसी थंड करेना किंवा गीझरचं पाणी कोमट आलं की जाता जाता स्टार कापून जातात. म्हणून मालवणहून आमच्याकडे येणाऱ्या एसी-गीझरवाल्याबद्दल लिहितेय.

ह्याच्या आधी ज्यांच्याकडे आमचं वार्षिक कंत्राट होतं, त्यांचं निदान दर उन्हाळ्यात ठरलेलं: गॅस कमी झालाय. भरायचा, पैसे घ्यायचे, पुढच्या एप्रिलला परत तेच. हा आला आणि म्हणाला, "काकी, गॅस म्हणजे काय पेट्रोल आसा, जळान संपाक? बंद पायपातलो गॅस कमी झालो म्हणजे खयतरी भोक आसा. आधी ता बघूया."

मग साबणाचा फेस घेऊन बसला. जोडावरच्या नटांना काही नव्हतं. बाहेरच्या युनिटची जाळी उघडली तर खालच्या वळणाजवळ अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या खाऱ्या वाऱ्याने पार कुजलेल्या, बोट लावलं की पांढरा भुगा हातात. नायट्रोजनचं प्रेशर दिल्यावर तिथूनच बारीक बुडबुडे आले. तांब्याचा पाइप तिथे झाळला, परत प्रेशर देऊन थांबला, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढली आणि मगच गॅस भरला, तोही सिलिंडर काट्यावर ठेवून. किती ग्रॅम भरायचा ते युनिटच्या पट्टीवरच छापलेलं असतं; आधीच्यांनी कधी काटा आणलेला मी बघितलाच नव्हता. आमच्या एसीत आर-३२ नावाचा गॅस आहे, तो पेट घेऊ शकतो, म्हणून आमच्या ह्यांना विडी घेऊन पार माडाखाली पाठवलं. एवढ्यासाठी त्याला दहापैकी दहा.

साध्या सर्व्हिसिंगलाही त्याची पद्धत वेगळी. बाहेरच्या युनिटवर प्रेशर पंप मारत नाही, कारण पात्या दुमडतात आणि वारा अडतो. एमसीबी पाडून गोड्या पाण्याची साधी नळी, बस्स. पावसाळा सोडून दर महिन्याला हे आमचं आम्हीच करावं असं त्याने सांगितलं, म्हणजे स्वतःचंच गिऱ्हाईक कमी केलं. आतल्या जाळ्या पंधरा दिवसांनी धुवायच्या. भिंतीवर पाणी उतरायला लागलं की लोक एसी बिघडला म्हणतात. आमच्याकडे ड्रेनच्या पाइपात शेवाळ धरलं होतं आणि पाइपाला उतारच नव्हता. पाइप जिथून भिंतीत शिरतो ते भोक त्याने पुट्टीने बंद केलं, कारण पाल आत शिरून सर्किट बोर्डावर मेली की बोर्ड गेलाच म्हणून समजा.

गीझरचं मात्र मला नवीन होतं. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीच्या पत्र्याऐवजी ती झिजावी म्हणून. मे महिन्यात आमची विहीर मचूळ होते आणि तसलं पाणी ही कांडी भराभर खातं. त्याने काढून दाखवली तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या कांडीची नुसती तार राहिलेली. गीझर विकताना टाकीची गॅरंटी तोंडभरून सांगतात, कांडीचं नाव कुणी काढत नाही. आता दर वर्षी उघडून बघतो, कॉइलवरचे क्षारही तेव्हाच खरवडले जातात. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून एका खोलीत कुणीतरी चिंधी कोंबून ठेवली होती, तिच्यावर तो खरोखर चिडला. आत वाढलेलं प्रेशर जाणार कुठून? मागच्या बंद न्हाणीत गॅस गीझर बसवायला त्याने सरळ नकार दिला; वारा खेळत नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साचून माणूस मरतो. सासूबाई म्हणाल्या, त्यापेक्षा आमचा नारळाच्या सोडणांवरचा बंब बरा होता. तो उघड्यावर पेटवायचे, हे खरं.

पाहुण्यांचं त्याच्या हातात नाही. वीजबचतीचे स्टार असलेल्या एसीला चालू केल्यावर आपसूक २४ वर यायची सक्ती २०२० पासून आहे, पण रिमोट हातात आला की पर्यटक १८ वर नेऊन अंगावर गोधडी ओढतात.

आता उणं. फोन उचलत नाही. "उद्या येतंय" म्हणाला तर तो उद्या कुठल्याही वारी उगवतो. बिल मागितलं तर लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडे लिहून देतो. जीएसटीचं बिल लागणाऱ्या मोठ्या हॉटेलवाल्यांना हा चालणार नाही. मजुरीही इतरांपेक्षा चढी आहे, घासाघीस केली तर सामान गोळा करायला लागतो. गळती शोधायचे पैसे वेगळे लावतो, पण दर वर्षीच्या गॅसच्या मानाने ते मला जड वाटले नाहीत.

गणपतीच्या आधी त्याची वाट बघू नका. वर्षभर कुलूप असलेली चाकरमान्यांची घरं तेव्हा उघडतात आणि सगळ्यांचे गीझर एकदम बंद पडलेले सापडतात. पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या गर्दीआधी, ऑक्टोबरात बोलवा. तेव्हा सवडीने बसतो आणि विचारलं तर समजावूनही सांगतो. नाव-नंबर मात्र इथे देऊ नको असं त्यानेच बजावलंय. आहेत तेच फोन पुरेत म्हणतो.