पीएचडीचा गाइड निवडताना गूगल स्कॉलर बघायचं, स्कोपस बघायचं की पबमेड?

भाचीला पीएचडीसाठी दोन ठिकाणांहून होकार आलाय, एक लॅब पुण्यात आणि एक मुंबईत, विषय दोन्हीकडे साधारण सारखाच, बॅक्टेरिया आणि अँटिबायोटिक रेझिस्टन्स. परवा रात्री साडेअकराला तिने मला गूगल स्कॉलरचे (गूगलचं संशोधन पेपर शोधायचं ठिकाण) दोन स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली लिहिलं, "मावशी, पुण्याच्या सरांचा एच-इंडेक्स ४१ आहे, मुंबईच्या मॅडमचा १९. मग ठरलंच ना?" मी म्हटलं थांब, आत्ताच कुणाला हो कळवू नकोस. मी स्वतः बारा वर्षं बायोमेडिकल लॅबमध्ये काढलीयेत, हे आकडे कसे फुगतात आणि कसे आक्रसतात ते जवळून बघितलंय. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय, कारण अ‍ॅडमिशनच्या दिवसांत हा प्रश्न तिच्यासारख्या बऱ्याच जणांना पडतो.

एच-इंडेक्स ४१ म्हणजे त्या माणसाचे ४१ पेपर असे आहेत की त्यातल्या प्रत्येकाला कमीत कमी ४१ सायटेशन मिळालीयेत, म्हणजे तितक्या वेळा दुसऱ्या पेपरांनी त्याचा हवाला दिलाय. होर्हे हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये हे काढलं. हिशोब सोपा आहे म्हणून सगळीकडे पसरला, पण हा आकडा कधी खाली येत नाही, फक्त वाढतो. तीस वर्षं काम केलेल्याचा मोठा असणार आणि नऊ वर्षांपूर्वी लॅब सुरू केलेल्याचा लहान असणार. आमच्या केसमध्ये सर निवृत्तीच्या जवळ आहेत आणि मॅडमची लॅब तशी नवी आहे, म्हणजे ४१ आणि १९ शेजारी शेजारी ठेवणं इथेच चुकलं.

आता गूगल स्कॉलर. २००४ मध्ये आलं, फुकट आहे, मोबाईलवर उघडतं, म्हणून सगळे आधी तिथेच जातात आणि सुरुवात तिथून करायला माझी काही हरकत नाही. त्याची पकड सगळ्यात मोठी आहे, पेपर, पुस्तकं, थिसिस, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये तपासून छापून यायच्या आधीच नेटवर टाकलेला पेपर), कॉन्फरन्समधलं काहीबाही, सगळं ते गोळा करतं आणि त्यातून आलेलं प्रत्येक सायटेशन मोजतं. म्हणूनच तिथला आकडा बाकी ठिकाणांपेक्षा जवळपास नेहमी जास्त दिसतो. पण तिथे गाळणारं कुणी बसलेलं नाही. २०१० मध्ये फ्रान्समधल्या सिरिल लाबे या संशोधकाने मुद्दाम प्रयोग केला, कॉम्प्युटरने बनवलेले निरर्थक पेपर नेटवर टाकले, ते एकमेकांना साइट करतील अशी व्यवस्था केली आणि 'आइक अँटकारे' या अस्तित्वातच नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स ९४ करून दाखवला. दुसरं म्हणजे प्रोफाइल तो माणूस स्वतः बनवतो. नवीन पेपर आपोआप जोडायची सेटिंग चालू ठेवली आणि वर्षानुवर्षं बघितलंच नाही तर दुसऱ्याचे पेपर त्यात येऊन बसतात, आणि यात दरवेळी लबाडी असते असं अजिबात नाही, नुसता आळस पुरतो.

आपल्याकडे हा घोटाळा जास्त होतो याचं कारण आपली आडनावं. पाटील, कुलकर्णी, जोशी, देशपांडे, शिंदे! पेपरवर बऱ्याचदा आडनाव आणि आद्याक्षर एवढंच छापलेलं असतं, मग 'पाटील एस' या एका नावाखाली हृदयाचं ऑपरेशन करणारे, उसावर काम करणारे आणि टीबीवाले सगळे एकत्र येतात. सरांच्या प्रोफाइलमध्ये आम्हाला दातांच्या इम्प्लांटवरचे सहा आणि शेतकीतले तीन पेपर सापडले, त्यातला एक चांगलाच साइट झालेला. सरांनी ते बघितलेही नसतील.

स्कोपसची गडबड बरोबर उलटी आहे. पेपर आणि त्यांची सायटेशन नोंदवणारा हा डेटाबेस एल्सवियर या प्रकाशन कंपनीचा आहे, तोही २००४ मधलाच, पूर्ण वापरायचं तर लायब्ररीचं सबस्क्रिप्शन लागतं, पण लेखकाचं नाव टाकून पेपरांची संख्या आणि एच-इंडेक्स बघणं मोफत आहे हे बऱ्याच मुलांना माहीतच नसतं. कुठली जर्नल्स घ्यायची ते तिथे ठरवलेलं असतं, काही जर्नल्स तपासणीनंतर काढूनही टाकतात, त्यामुळे आकडा कमी पण जास्त विश्वासाचा येतो. लेखकाला आयडी मात्र त्यांचं सॉफ्टवेअर देतं, आणि ते एका माणसाचे दोन-तीन तुकडे करून टाकतं. आपल्याकडे मधलं नाव कधी लावतात कधी नाही, 'एस आर' वेगळी आणि नुसती 'एस' वेगळी धरली जाते. आणि बायकांचं तर विचारूच नका, लग्नाआधीचे पेपर एका आडनावावर, नंतरचे दुसऱ्या, स्कोपसच्या लेखी या दोन वेगळ्या व्यक्ती! मॅडमचं अगदी हेच झालं होतं, पीएचडीतले चार पेपर माहेरच्या आडनावावर, आणि त्यातलाच एक त्यांचा सगळ्यात जास्त साइट झालेला पेपर. मला हे बघून खरंच वाईट वाटलं, कारण असे तुकडे झालेल्या किती बायका सिलेक्शन कमिटीपुढे कमी आकड्यानिशी उभ्या राहत असतील. संशोधकाची कायमची ओळख असलेला ओआरसीआयडीचा सोळा आकडी नंबर २०१२ पासून मिळतो आणि फुकट मिळतो, तो काढून सगळे पेपर त्याला जोडून ठेवले की हा त्रास बराच कमी होतो. मुलींनो, पहिला पेपर पाठवायच्या आधी तो काढून ठेवा.

तुकडे जोडून, परके पेपर वजा करून स्कोपसवर सर २७ वर आले आणि मॅडम १७ वर. स्कॉलरवरचा २२ चा फरक इथे १० झाला. मग मी लायब्ररीच्या लॉगिनने स्वतःच स्वतःला केलेली सायटेशन वगळून बघितलं, स्कोपसमध्ये ती सोय आहे, स्कॉलरवर नाही, तेव्हा सर २३ आणि मॅडम १६. थोडं स्वतःला साइट करणं चुकीचं नाही, त्याच विषयावर वीस वर्षं काम करणारा माणूस आधीच्या कामाचा हवाला देणारच, पण किती कमी झालं ते बघून ठेवावं.

वेब ऑफ सायन्स या सायटेशनच्या आणखी एका डेटाबेसबद्दल फार लिहित नाही. युजीन गारफील्डच्या १९६४ च्या सायन्स सायटेशन इंडेक्समधून वाढलेलं, सगळ्यात जुनं आणि चाळण तशी कडक, जर्नलचं वजन सांगणारा इंपॅक्ट फॅक्टरही त्याच घरातला. जुन्या माणसांचा रेकॉर्ड बघायला स्कोपसपेक्षा बरं, कारण स्कोपसमध्ये १९७० च्या आधीच्या पेपरांचे संदर्भ मोजण्याची सोय तोकडी आहे. पण लॉगिनशिवाय फारसं काही हाती लागत नाही, आणि गाइड निवडायला मला त्याची गरज पडली नाही.

माझा सगळा जीव पबमेडवर आहे आणि गंमत म्हणजे तिथे एच-इंडेक्स दिसतच नाही. वैद्यकीय आणि जैविक पेपर शोधायचं हे ठिकाण अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं, १९९६ पासून सगळ्यांना मोफत. तिथे लेखकांची अख्खी यादी दिसते, कोण कुठल्या संस्थेत होतं तेही बऱ्याचदा दिसतं, आणि बायोमेडिकलमध्ये ही यादी वाचता आली की निम्मं काम झालं. पहिलं नाव सहसा ज्याने बेंचवर हात काळे केले त्याचं, शेवटचं नाव लॅब चालवणाऱ्याचं, मधली नावं मदत करणाऱ्यांची. म्हणजे गाइडचं नाव शेवटी आहे असे पेपर वेगळे काढायचे आणि त्यात पहिलं नाव कुणाचं ते बघायचं. लॅबमधल्या पीएचडीच्या पोरांचं आहे का? पाचव्या वर्षाला आलेल्याचं एकदाही पहिलं नाव नाही असं तर नाही? हे कुठलाच इंडेक्स सांगत नाही आणि जो मुलगा किंवा मुलगी पाच-सहा वर्षं तिथे घालवणार त्याच्यासाठी यापेक्षा महत्त्वाचं मला काही वाटत नाही.

भाचीने रविवारभर बसून दोघांचे गेल्या सहा वर्षांतले पेपर एक्सेलमध्ये टाकले. सरांचे ३४, मॅडमचे १४. पण ३४ पैकी सरांचं नाव शेवटी असलेले फक्त नऊ, बाकीच्यात ते मध्ये कुठेतरी, आणि त्यातले तीन तर शेकडो लेखक असलेले मोठे आंतरराष्ट्रीय पेपर. असे पेपर चुकीचे नसतात, रोगांचं जागतिक ओझं मोजणारे असे पेपर हजारोंनी साइट होतात आणि ते काम गरजेचंच आहे, पण त्यातली सायटेशन बघून एखाद्या लॅबची ताकद ठरवता येत नाही. मॅडमच्या १४ पैकी ११ मध्ये त्यांचं नाव शेवटचं, आणि त्या ११ पैकी आठ पेपरांत पहिलं नाव त्यांच्या विद्यार्थ्याचं. मी फोनवर ओरडलेच!

पेपर कुठल्या प्रकारचा आहे तेही बघा. रिव्ह्यू आर्टिकल, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारा लेख, मूळ संशोधनापेक्षा जास्त साइट होतं, आणि पद्धत सांगणारा पेपर तर विचारू नका, प्रोटीन मोजण्याच्या पद्धतीवरचा लॉरीचा १९५१ चा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा साइट झालाय. दोन वेगळ्या उपक्षेत्रांतली माणसं तोलायची असतील तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं आयसाइट हे मोफत टूल वापरा, ते प्रत्येक पेपरची तुलना त्याच्याच विषयातल्या पेपरांशी करतं, १ च्या वर आकडा म्हणजे एनआयएचने पैसे दिलेल्या मधल्या फळीतल्या पेपरपेक्षा पुढे. आणि शेवटी पेपर मागे घेतले गेलेत का ते रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्ये नक्की बघा, तोही आता फुकट आहे. एखादी प्रामाणिक चूक कबूल करून मागे घेतलेला पेपर असेल तर घाबरू नका, चार-पाच असतील तर कारणं वाचा.

भाचीचा यावर एक बरोबर प्रश्न आला, की मॅडमचे बरेच पेपर अजून फारसे साइटच नाहीयेत, मग ते चांगले कशावरून? तिला मी शंभुनाथ डे यांची गोष्ट सांगितली. कलकत्त्यात काम करणाऱ्या या माणसाने १९५९ मध्ये नेचर या जर्नलमध्ये दाखवून दिलं की कॉलराचे जिवाणू गाळून टाकले तरी उरलेल्या द्रवामुळे सशाच्या आतड्यात पाणी भरतं, म्हणजे कॉलरा होतो तो जिवाणूच्या विषाने. केवढा मोठा शोध, आणि नंतर बरीच वर्षं त्याकडे फार कुणाचं लक्षच गेलं नाही. नोबेल फाउंडेशनच्या कॉलरावरच्या परिषदेचं बोलावणं त्यांना आलं ते १९७८ मध्ये, आणि १९८६ मध्ये त्यांच्या कामावर लेख लिहिला तो सायटेशन मोजण्याचं शास्त्र उभं करणाऱ्या गारफील्डनेच, पण तोवर डे जाऊन वर्ष झालं होतं. म्हणून तिला म्हटलं, मॅडमचे दोन पेपर उघड आणि वाच, कंट्रोल (तुलनेसाठी केलेले प्रयोग) नीट आहेत का, निष्कर्ष डेटापेक्षा पुढे उड्या मारतोय का, एवढं एमएस्सी झालेल्या मुलीला कळतं.

म्हणजे माझ्याकडून क्रम असा. स्कॉलरवर दहा मिनिटं, फक्त माणसाची ओळख व्हावी म्हणून, तिथल्या आकड्यावर काहीही ठरवायचं नाही. आकडा हवाच असेल तर स्कोपसचा घ्या, पण तुकडे जोडून. आणि उरलेला सगळा वेळ पबमेडवर. स्वतः संशोधन करायची, हाताला काम लागायची हौस असेल तर मॅडमसारखी लॅब. पुढे मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रोजेक्टमध्ये शिरायचं असेल, ओळखी हव्या असतील आणि एकट्याने वाट काढायची तयारी असेल तर सरांचीही लॅब वाईट नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

सध्या तिच्या एक्सेलमध्ये मॅडमच्या आठ पेपरांतल्या पहिल्या नावांची यादी आहे. त्यातली एक मुलगी आता बंगळुरूला पोस्टडॉक करतेय, तिने मेलला लगेच उत्तर दिलं, शनिवारी संध्याकाळी दोघी बोलणार आहेत. सरांच्या नऊ पेपरांतली पहिली नावंही मी तिला काढायला लावलीयेत, त्यांनाही तेच प्रश्न विचारायचेत, गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात, पहिला पेपर कितव्या वर्षी झाला आणि फेलोशिप संपल्यावर काय केलं.